भयाचा वारसा

ॲलन पेटन यांची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही १९४८ सालची कादंबरी परवा शहापुरास, पावसाने कोंडून घातले असता, वाचीत होतो. दक्षिण आफ्रिकेतील एका कृष्णवर्णी पाद्र्याचा मुलगा चोरीच्या हेतूने घरात शिरतो आणि गोरा यजमान अवचित समोर येताच गोळी झाडतो. द्वेषाने नव्हे, केवळ घाबरून! आणि मरतो कोण, तर त्याच्याच लोकांसाठी झटणारा आर्थर जार्व्हिस. येथे मी पुस्तक मिटले. मला मुरबाडचे आजोळ आठवले.

तिन्हीसांजा झाल्या की आजी म्हणे, “आत या रे, कातकरी नेईल!” वास्तविक खैरापासून कात काढणारी ही जमात आमच्या रोजच्या पाहण्यातली. मोळी घेऊन येणारी कातकरीण परसदारीच थांबे. आजी तिच्या ओंजळीत वरून पाणी घाली. एकदा देवघरातील तांब्या दिसेना. सर्वांच्या तोंडी तिचेच नाव आले. देवघराचा उंबरठाही तिने कधी पाहिला नव्हता, हे कोणास सुचले नाही. तांब्या पुढे विहिरीच्या गाळात सापडला. तोवर तिचे येणे थांबले होते. दिवाळीनंतर उचल घेऊन सारे कुटुंब वीटभट्टीवर गेले, एवढे कानी आले.

आजी निष्ठुर नव्हती. भुकेल्यास तिने कधी विन्मुख पाठविले नाही.

पेटनच्या कादंबरीत मारणाऱ्याचा बाप आणि मरणाऱ्याचा बाप अखेर एकमेकांशी बोलतात. आमच्या घरातून मात्र तांब्या सापडल्याचे सांगावयास वाडीवर कोणी गेले नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वाट मला ठाऊक होती.