क्लिपलेस: डोंगर की डांबर?

'क्लिपलेस पेडल' हे सायकलच्या दुनियेतलं सगळ्यात फसवं नाव. नावात 'लेस', आणि काम मात्र बूट पेडलला अडकवून ठेवायचं! कारण साधं आहे. पूर्वी रेसिंग सायकलच्या पेडलवर एक पिंजरा आणि पट्टा असायचा, तो टो-क्लिप. तो गेला म्हणून हे क्लिपलेस. लुक ही फ्रेंच कंपनी मुळात स्कीची बाइंडिंग बनवणारी. त्यांनी तीच कल्पना १९८४ मध्ये पेडलला लावली आणि १९८५ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोनं तीच पेडल्स वापरून जिंकली. १९९० मध्ये शिमानोनं माउंटन बाइकसाठी एसपीडी आणलं. तेव्हापासून दोन घराणी झाली, रोड आणि माउंटन.

आता प्रश्न असा, की आपण कुठल्या घराण्याचा गंडा बांधायचा?

माझी रिक्वायरमेंट दोन ओळींची. आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी, आणि डिसेंबरात २०० किमीची ब्रेव्हे, साडेतेरा तासांत. सायकल एकच, बजेटही एकच.

रोडचं क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला तीन बोल्टनी बसवलेला प्लॅस्टिकचा मोठा तिकोनी तुकडा. पेडलवर टेकायला जागा ऐसपैस, त्यामुळे दाब पसरतो आणि तासन्‌तास पाय मारले तरी तळवा कुरकुरत नाही. पण क्लीट तळाच्या बाहेर आलेलं असतं. सायकलवरून उतरलात की तुमचं बदक होतं! गुळगुळीत फरशीवर तर देवाचं नाव घेऊनच चालायचं. शिवाय चालून चालून क्लीट झिजतं, आणि बहुतेक पेडल्समध्ये पाय एकाच बाजूनं अडकतो. सिग्नल सुटला की आधी पेडल सरळ करा, मग निघा. तोवर मागचे सगळे हॉर्न वाजवून मोकळे.

माउंटनचं क्लीट छोटं, धातूचं, दोन बोल्टचं. रबरी सोलच्या खाचेत लपलेलं, म्हणून माणसासारखं चालता येतं. पेडल दोन्ही बाजूंनी चालतं, चिखलाचं फारसं वावडं नाही. उणीव एकच, टेकायला जागा कमी. मऊ सोलचा बूट घेतलात तर शंभरेक किलोमीटरनंतर तळव्याखाली निखारा ठेवल्यासारखं वाटू शकतं. म्हणून पेडल आणि बूट वेगवेगळे निवडायचे नाहीत. एसपीडी घ्यायचं तर बूट कडक सोलचा हवा.

दुकानात सगळे वजनाबद्दल बोलतात. माझ्या मते ग्रॅम मोजण्यापेक्षा दोन गोष्टी बघाव्यात.

पहिली गुडघा. पाय अडकल्यावर टाच किती हलू शकते, त्याला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्याला ६ अंश, निळ्याला २ आणि लालला शून्य. नवख्यानं लालच्या वाटेला जाऊ नये. क्लीट वाकडं बसलं आणि टाचेला हलायला जागाच नसली, तर प्रत्येक फेऱ्याला बिल गुडघा भरतो. आणि गुडघ्याचा स्पेअर पार्ट दुकानात मिळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय सुटणं. हिंजवडीच्या जॅममध्ये दर पन्नास मीटरला पाय टेकावा लागतो. तिथे शून्य वेगात आडवं होणं हा विनोद नाही, मागे बस असते. एसपीडीत एसएच-५१ क्लीट टाच बाजूला वळवली की सुटतं. एसएच-५६ वर ओढलं तरी सुटतं. स्प्रिंटमध्ये ते दगा देऊ शकतं, पण मी कुठे स्प्रिंट मारणार आहे?

त्यात ब्रेव्हेच्या कंट्रोलला कधी एटीएमच्या स्लिपसाठी उतरा, कधी टपरीवर शिक्का मागा. तिथे बदकचाल परवडत नाही. तेव्हा माझं उत्तर ठरलं: माउंटनची पेडल्स, कडक सोल, एसएच-५६.

तुमची राइड घरातून निघून थेट घरी संपत असेल, मध्ये फक्त एक चहा, तर रोडवालं बिनधास्त घ्या, पिवळ्या क्लीटसकट. काहीही घेतलंत तरी स्प्रिंगचं टेन्शन आधी सगळ्यात कमी ठेवा, आणि रस्त्यावर जायच्या आधी भिंतीला धरून पन्नासदा पाय अडकवा-सोडवा. आणि हो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पान्यावर जोर काढायच्या आधी एवढं आठवा!