ठेक्याचा आधार

सायंकाळी गिरगावातील एखाद्या वाडीतून जाताना आजही पेटीचा सूर कानी पडतो. या परिसराला गाण्याचा वारसा जुना आहे. प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेले ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ जवळच ऑपेरा हाउसपाशी नावारूपाला आले. बालवयातील कुमार गंधर्व तेथेच शिकले.

याच दक्षिण मुंबईत आणखी एक परंपरा रुजली. फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या मातेने आपल्या मुलीपुरताच विचार न करता १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. पुढे १९५५ मध्ये हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. तेथेही मूळ प्रेरणा कन्येचीच होती. त्या कन्येने, मालिनी चिब यांनी, एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले.

देशातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. सेरेब्रल पाल्सी मात्र आजही आहे. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा बालपणी मेंदूला इजा होते आणि हातपाय ताठरतात किंवा तोल सावरत नाही. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते. शरीर तेवढे आज्ञेत राहत नाही.

परळला १९२९ पासूनचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. अशा रुग्णालयांतून व्यायाम शिकून आलेल्या कुटुंबांची खरी कसोटी घरी लागते. तीच हालचाल रोज, वर्षानुवर्षे करायची असते. मूल कंटाळते, माता थकते आणि हळूहळू व्यायामात खंड पडतो. संगीत उपयोगी पडते ते नेमके येथे.

लय कानावर पडली की पाय आपोआप हलू लागतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. श्रवण आणि हालचाल यांचा मेंदूत निकटचा संबंध असतो. मायकल थॉट या संशोधकाने सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या संबंधातून चालण्याची उपचारपद्धती विकसित केली. प्रथम रुग्णाची स्वाभाविक चाल मोजतात, त्याच गतीचा ठेका ऐकवतात आणि मग पावलांच्या कलाने गती किंचित वाढवतात. पुढचे पाऊल केव्हा पडायचे, हे ठेका आधीच सुचवतो. त्याआधी, १९५९ पासून, पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी दिव्यांग मुलांना केवळ श्रोते न ठेवता वादक केले होते.

आपल्या घरांतील वाद्येही या कामी येऊ शकतात. आठ मात्रांच्या केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पाऊल टाकता येते. पेटीला एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर लागतो. त्यामुळे दुर्बळ हातालाही काम मिळते. बासरीने श्वासाला वळण लागते. झांज धरताना बोटांची पकड साधते. दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या जुन्या दुकानात ही वाद्ये मांडलेली दिसतात. मात्र कोणते वाद्य, किती वेळ आणि कसे बसवून, हे भौतिकोपचारतज्ज्ञाने ठरवावे. संगीताने मेंदूची इजा भरून येत नाही. उरलेल्या शक्तीचा उपयोग तेवढा वाढतो.

प्रमाणाचे भान लालबागमध्ये येते. गणेशोत्सवात तेथील ढोलताशाने रस्ता दुमदुमतो. पण आकस्मिक मोठा आवाज झाला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांचे सारे अंग दचकून आखडते. तोच ढोल दूरवरून, मंद लयीत ऐकू आला, तर एखाद्याची मान डोलू लागते.

व्यापारी घरात मुलाचे बोट धरून त्याला लहानपणीच पेढीवर नेण्याची रीत आहे. तेथे तो ग्राहक ओळखतो, हिशेब शिकतो, चारचौघांत बसायला सरावतो. त्याच घरातील दिव्यांग भावंडाला मात्र पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवले जाते. उपचारांचा खर्च करण्यात कोणी हात आखडत नाही. संकोच होतो तो त्याला समोर आणण्याचा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, पण दिवाणखान्यातील जागा कायद्याने मिळत नाही.

ती घरच्या भजनात देता येते. मुलाला आधाराने नीट बसवावे, झांज त्याच्या हाती द्यावी आणि गाणाऱ्यांनी लय त्याच्या हाताला झेपेल इतकी संथ ठेवावी. एखादा ठोका उशिरा पडेल. त्या ठोक्यासाठी सर्वांनी क्षणभर थांबावे.