उंदराची बाजू

आमच्या फुलचूरसारख्या धानाच्या गावात उंदराविषयी दयेने बोलणारा माणूस मिळणे कठीण. वर्षभराच्या कष्टाचे धान जो कोठीत शिरून कुरतडतो, त्याची बाजू कोण घेणार? म्हणूनच आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकाराचे 'माऊस' हे चित्रमय पुस्तक हाती आले, तेव्हा मी जरा बिचकलोच. त्यात ज्यू आहेत उंदीर, जर्मन मांजरे आणि पोलंडचे लोक डुकरे! ऑशविट्झमधून वाचलेल्या आपल्या वडिलांची, व्लादेक यांची, कहाणी त्याने १९८६ आणि १९९१ अशी दोन भागांत काळ्या-पांढऱ्या चित्रांतून मांडली. १९९२ साली तिला खास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्राण्यांच्या रूपाने लढाई सांगणे आपल्याला नवे नाही. पंचतंत्रातले 'काकोलूकीय' हे कावळ्या-घुबडांच्या वैराचेच. म्हातारा स्थिरजीवी जखमी असल्याच्या मिषाने शत्रूच्या गुहेत राहतो, दाराशी काटक्या साठवतो आणि एके दिवशी सारी घुबडे जळून जातात. पोरे टाळ्या पिटतात. गुहेत पिलेही असतील, हे कुणाच्या मनात येत नाही. कारण घुबड ते घुबड!

नाझींनी नेमके हेच ओळखले होते. १९४० सालच्या एका प्रचारपटात त्यांनी ज्यूंना उंदरांच्या झुंडींच्या पंक्तीला बसवले आणि पुढे मुळात कीड मारण्यासाठी असलेले विष माणसांवर सोडले. आधी नाव बदलायचे, मग हात कचरत नाही.

स्पीगलमनने ती शिवीच उचलली आणि तिला कोट-टोपी चढवली. त्याचे उंदीर व्यापार करतात, बायकोसाठी झुरतात. चेहरे जवळजवळ सारखे, डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. दुःख मात्र ज्याचे त्याचे. जीव वाचवण्यासाठी ते डुकराचा मुखवटा बांधतात, तर त्याची दोरी आपल्याला दिसते! एका चित्रात व्लादेक आणि आन्या चालतात ती वाटच नाझींच्या स्वस्तिकाच्या आकाराची आहे. ज्या चिन्हाची आपण दाराशी रांगोळी काढतो, ते तिथे पळायला जागाच ठेवत नाही. शब्दांना एवढ्यासाठी पानभर लागले असते.

धानाच्या कोठीपाशी मी मांजर पाळीनच. त्यात संकोच कसला? पण यंदा दिवाळीत पोरांना घुबडांची गोष्ट सांगेन ती गुहेतल्या पिलांसकट. आणि माणसाला कुणी उंदीर म्हणू लागला, की कान टवकारायला शिकवीन.