बादली, साबण आणि थ्रेड

"एका रात्रीचं काम आहे!" असं मी मेसमध्ये चारचौघांत बोलून बसलो, आणि पुढचे ९ दिवस ते वाक्य मला भाजी-पोळीबरोबर वाढलं गेलं.

काम असं. आम्ही दोघा रूममेट्सनी लॅपटॉपवर दोन थ्रेड आळीपाळीने चालवणारा छोटा प्रोग्रॅम केला होता. एकाने थांबायचं, दुसऱ्याने जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू. सर म्हणाले, "आता हाच रिस्क-फाइव्हवर चालवून दाखवा." आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे आपले प्रोसेसर याच घराण्यातले. आमच्याकडे बोर्ड नव्हता. मग क्यू-एमू वापरून लॅपटॉपलाच रिस्क-फाइव्हचं सोंग घ्यायला लावलं.

थ्रेड बदलताना सगळी रजिस्टर्स जपावी लागत नाहीत, हे मला आधी पटेना. पण बदल करणारं आपलं फंक्शनसुद्धा साधं फंक्शनच, आणि फंक्शन्सचा आपसांत हॉस्टेलसारखाच करार असतो. शेजाऱ्याची बादली नेली तर होती तशी परत ठेवायची; पण त्याने नळावर विसरलेला साबण गेला तर तक्रार नाही! 'साबण' बोलावणाऱ्याने आधीच उचलून ठेवलेला असतो. आपण बादल्या तेवढ्या सांभाळायच्या. ६४-बिट इंटेलवर, लिनक्समध्ये, त्या ६ आणि शिवाय स्टॅक पॉइंटर. रिस्क-फाइव्हवर १२ आणि स्टॅक पॉइंटर. (दशांशवाली रजिस्टर्स वेगळी; ती आम्ही चक्क टाळली.)

मी तक्ता भराभर वाचला, १२ बादल्या लिहून टाकल्या. पहिला थ्रेड झकास चालला. दुसऱ्याकडे वळला की सेगमेंटेशन फॉल्ट!

मी कॉन्व्हेंटचा, म्हणून इंग्रजी मॅन्युअल माझ्याकडे. रूममेट भूमजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला. तो प्रिंटवर पेन्सिलने शब्दांचे अर्थ लिहीत एकेक ओळ वाचायचा, आणि खोटं कशाला बोलू, मी हसायचो. नवव्या रात्री त्यानेच हलवून उठवलं. "आरं, इथं परतीचा पत्ता स्टॅकवर जातच नाही की!"

झोप उडाली. इंटेलवर कॉल केला की परतीचा पत्ता आपोआप स्टॅकवर जातो. स्टॅक बदलला की पत्ताही बदलला, फुकटात. रिस्क-फाइव्हवर तो आरए नावाच्या रजिस्टरमध्ये बसतो. तक्त्यात आरए साबणाच्या रांगेत, म्हणून मी सोडलेला. पण आम्हाला तर परतायचंच दुसरीकडे होतं! स्टॅक नव्या थ्रेडचा आणि पत्ता जुन्याचा, मग काय होणार? एमआयटीचं एक्सव्ही-६ उघडलं, तर त्यात १४ नावं सरळ लिहिलेली: आरए, एसपी, आणि एस-० ते एस-११. आरए जपायला दोन ओळी वाढवल्या, नव्या थ्रेडच्या आरएमध्ये त्याच्या फंक्शनचा पत्ता भरला. पहाटे ३ वाजता दोन्ही थ्रेड आळीपाळीने छापायला लागले.

मेसमध्ये काय झालं ते मी सांगितलं. म्हणजे सांगावंच लागलं, तो स्वतः बोलेना.

आता फोनातल्या एआरएमची पाळी. तिथे परतीचा पत्ता एक्स-३० मध्ये असतो म्हणे. बाकीचं अजून वाचायचंय. मॅन्युअलची प्रिंट यावेळी आधी त्याच्याकडे गेलीय, मी पेन्सिलीला टोक करून बसलोय.