नावामागचा 'व्ही२'

एसक्यूलाइटची हेडर फाइल मी अधूनमधून नुसतीच वाचत बसतो. तिच्यात 'प्रिपेअर' आहे आणि लगेच खाली 'प्रिपेअर व्ही२'. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नाव मला ओबडधोबड वाटलं होतं. आता त्या 'व्ही२'बद्दल मनात आदर आहे.

जुन्या प्रिपेअरने तयार केलेली क्वेरी चालवताना काही बिनसलं, तर बहुतेकदा हाती नुसतं 'एरर' यायचं. खरं कारण कळायला ती क्वेरी रीसेट तरी करायची, नाहीतर मोडीत काढायची. मधेच कुणी टेबलाची रचना बदलली, तर क्वेरी नव्याने तयार करण्याचं कामही वापरणाऱ्याच्याच गळ्यात. २००७ साली व्ही२ आलं. ते खरा एरर कोड तिथल्या तिथे देतं, क्वेरीचा मजकूर जवळ बाळगतं आणि रचना बदलली की स्वतःच ती पुन्हा कंपाइल करतं. जुन्याला मात्र कुणी हात लावला नाही. ते आजही तिथेच आहे, खोडीसकट. त्या खोडीच्या भरवशावरही कुणीतरी कोड लिहिलेला असणारच.

हे मी फार उशिरा शिकलो. एका कंपनीत डेटाबेसशी बोलणारी छोटी लायब्ररी माझ्याकडे होती. तिच्यातलं एक फंक्शन रेकॉर्ड सापडलं नाही की रिकाम्या यादीऐवजी नल द्यायचं. मला ते खुपायचं. एका संध्याकाळी मी ते सुधारलं, सगळ्या टेस्ट पास झाल्या. सकाळी शेजारच्या टीममधली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिचा रात्रीचा जॉब नल पाहूनच नवा ग्राहक ओळखायचा. त्या रात्री एकही नवं खातं उघडलं नव्हतं.

"सर, वागणं बदलायचं होतं, तर नाव तरी बदलायचं," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून माझं लक्ष आधी काय उघडं पडतंय याकडे जातं. पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू या लायब्ररीत कनेक्शन आतून कसं रचलंय हे वापरणाऱ्याला दिसतच नाही. हाती येतो फक्त पॉइंटर, बाकी सारं फंक्शनला विचारायचं. म्हणूनच आतली मांडणी हवी तशी हलवता येते. २००६ च्या ८.२ आवृत्तीपासून त्या लायब्ररीचा मुख्य क्रमांक ५ वरून हललेला नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

ती मुलगी टेबलापाशी आली, त्याच दुपारी मी जुनं फंक्शन जसंच्या तसं परत आणलं आणि नव्याला वेगळं नाव दिलं. जुन्याच्या डोक्यावर कॉमेंट लिहिली: नव्या कोडमध्ये वापरू नये, काढूनही टाकू नये.