पाव्हणे, कोण्या गावचे?

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, हिंगणघाट मागे पडलं आणि वर्धा नदीचा पूल ओलांडला की आमचा यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही अंगांना कपाशीची काळी रानं, मध्येच चार पळस, लांबवर सागाची झाडी. टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटकडे निघालेल्या गाड्यांत हल्ली कधीमधी एखादा परदेशी चेहरा दिसतो. वाघ दिसेल ना, ही काळजी तो ड्रायव्हरजवळ बोलून दाखवतो. दुसरी काळजी मात्र मनातच ठेवतो. इथली माणसं मला कशी वागवतील? चहाच्या टपरीवर सगळे वळून बघताहेत ते कुतूहलानं की रागानं? मी कॅमेरा वर केला तर कुणाला राग येईल का? पुढे केलेलं पाणी नाकारलं तर कुणाचं मन मोडेल का? माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची किंमत यांच्या वर्षभराच्या पिकाएवढी असेल, हे यांना डाचत असेल का?

ही काळजी मला मोलाची वाटते. दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकताना ज्याला काहीच वाटत नाही, त्या पाहुण्यापेक्षा उंबऱ्याशी अडखळणारा पाहुणा कितीतरी बरा. त्याला एवढंच सांगावंसं वाटतं, की ज्या दाराबाहेर तो बिचकत उभा आहे त्या दाराच्या आतही तेवढीच धाकधूक चाललेली असते.

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी ती जवळून पाहिली आहे. परदेशी जोडपं, सोबत नागपूरचा गाइड. गाव पाहायचं म्हणून उतरले आणि एका घराच्या छपरीशी येऊन थांबले. घरच्या बाईनं आधी वाळत घातलेली तुरीची डाळ भराभर गोळा केली. पोराला शेजारी पिटाळून दोन खुर्च्या आणवल्या. खुर्च्या प्लास्टिकच्या, एकीचा हात तुटलेला. तुटक्या हाताची बाजू भिंतीकडे करून तिनं त्या पदरानं पुसल्या. आतला टेबलफॅन वायरसकट बाहेर आणून पाहुण्यांकडे वळवला. दहाची नोट देऊन लहानीला दुधाच्या पुडीसाठी पळवलं. एवढं झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ह्या लोकायले आपल्या घरचं पानी चालन का?"

आणि त्याच वेळी खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलेला तो पाहुणा गाइडला विचारत होता, की आम्ही असे अचानक घरात शिरलो, यांना राग तर आला नाही ना?

चार हातांच्या अंतरावर दोन धास्त्या समोरासमोर बसल्या होत्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. गाइडनं शहाणपणा केला, सरळ सांगून टाकलं, की बाई, यांच्या पोटाला इकडच्या पाण्याची सवय नाही. बाई मोकळी हसली. "मंग च्या ठेवतो नं! उकडल्यावर कायचं भेव?" दूध यायच्या आत कोरा चहा झाला, बशीत ओतून कसा प्यायचा ते पाहुण्यांना दाखवून झालं, आणि मग खरी चौकशी सुरू झाली. कोण्या गावचे होय जी पाव्हणे? मायबाप आहेत का? पोरंबाळं किती? तुमच्या इकडं कापूस होते का? होत नाही? मंग लोक पेरतात काय?

या प्रश्नांनी परदेशी माणूस बावरतो. पहिल्याच भेटीत लग्नाचं, पोराबाळांचं, पगाराचं विचारतात हे त्याला आगाऊपणाचं वाटतं. आमच्याकडे मात्र हे विचारल्याशिवाय माणूस बसला असं होतच नाही. त्याला कुठंतरी जोडून घ्यायचं असतं. कुणाचा मुलगा, कुणाचा बाप, कोणत्या मातीतला, हे कळलं की मग त्याच्याशी बोलता येतं. बघण्याचंही तसंच. बस थांबली आणि नवं माणूस उतरलं की सारा पार त्याच्याकडे बघतो. त्या नजरेत बहुतेक वेळा निव्वळ चौकशी असते आणि पाहुण्यानं हात जोडून "रामराम" म्हटलं की तीच नजर हसते. बहुतेक वेळा म्हणतो, कारण एकट्या बाईची काळजी वेगळी असते आणि ती फुंकर मारून उडवण्यासारखी नाही. स्टँडवरची टवाळ पोरं, न विचारता समोर धरलेले मोबाइल, हेही इथं आहे. अशा वेळी तिनं सरळ बायका बसल्या असतील तिथं जाऊन बसावं. एखादी आजी तिला जवळ सरकवून घेईल आणि मग कुणाची टाप नाही.

पण आमच्या धाकधुकीचं एक कारण पाहुण्याला ठाऊक नसतं. या जिल्ह्याकडे जगानं फार दिवस एकाच नजरेनं पाहिलं आहे.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह आपलं आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षांत अशी घरं वाढत गेली आणि यवतमाळ हे नाव देशभर, देशाबाहेरही, याच एका गोष्टीसाठी घेतलं जाऊ लागलं. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले. पत्रकार आले, अभ्यासक आले, परदेशी वाहिन्या आल्या. त्यांतल्या कित्येकांनी पोटतिडकीनं काम केलं, त्यांच्यामुळे दिल्ली-मुंबईला जाग आली, हे विसरता येत नाही. पण ज्या छपरीत ते बसले तिथल्या बाईच्या बाजूनं एकदा बघा. जमीन किती, कर्ज किती, शेवटचं काय बोलले. नवरा कापसाला पाणी कसं द्यायचा, त्याला कुठली भाजी आवडायची, तो भजनात टाळ वाजवायचा का, हे क्वचितच कुणी विचारलं. गाडी धूळ उडवत गेली. लिहून नेलेलं कुठं छापून आलं, ते त्या बाईला कधी कळलं नाही. तेव्हापासून अनोळखी गाडी दारात थांबली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: हे लोक काय घ्यायला आले?

हा प्रश्न आमच्या रक्तात त्याआधीपासूनच असावा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं उभारली ती मुख्यतः वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ती गाडी १९९४पर्यंत ओढत होतं. साहेबांचं राज्य गेलं, तरी रूळ कंपनीचेच राहिले. आज गाडी बंद आहे. वाफेच्या इंजिनांचे शौकीन परदेशातून येत, रुळाकडेला कॅमेरे लावून बसत. लोक त्यांना हौसेनं जागा दाखवत. राग नव्हता, पण नेण्याची सवय कुणाला आणि देण्याची कुणाला, हे आमच्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाघाच्या बाबतीतही पाहुण्याचं आणि आमचं मन एका ठिकाणी नसतं. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. वाघ काही त्याच्या हद्दीच्या खुणा पाहून चालत नाही. अवनी म्हणून जगभर गाजलेली टी-वन वाघीण राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या शिवारात, २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री मारली गेली. त्याआधीची दोन वर्षं पांढरकवडा आणि राळेगावच्या त्या पट्ट्यात तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. बायका सरपणाला जायच्या थांबल्या, गुराखी घोळक्यानं निघू लागले, कापूस वेचायला मजूर मिळेना. तिला मारलं तेव्हा गावांत फटाके वाजले आणि शहरांत मेणबत्त्या घेऊन मोर्चे निघाले. दोन्हीकडची माणसं खोटी नव्हती. म्हणून जिप्सीतून उतरल्यावर, वाघ दिसल्याचा आनंद अंगात असताना, टपरीवाल्याला नुसतं एवढं विचारून पाहावं: तुमच्या गावात कधी येतो का हो? मग तो काय सांगतो ते चहा थंड होईपर्यंत ऐकावं. पाहुण्याचं स्वागत कसं होईल याचा निकाल अशा वेळी लागतो.

पण नुसतं न्यायला न आलेला एक परकाही शेजारच्या मुलखानं पाहिला आहे. आमच्या जिल्ह्याची दक्षिण शीव पैनगंगा. तिच्या पलीकडे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मार्लवाई नावाचं गोंडांचं गाव आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं पोचला. परक्यानं येण्याची ती वेळ नव्हती. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी उठलेला कुमराम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला होता. त्या मुलखात वर्दी काय, साहेब काय, दिसला की माणसं धास्तावत. त्यात हा माणूस निजाम सरकारच्या परवानगीनं आलेला. आणि जर्मन पासपोर्टमुळे इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक, हैदराबाद संस्थानाबाहेर जायला मोकळा नाही. म्हणजे दोन्हीकडून परका. तो आणि त्याची बायको बेट्टी गावातच घर करून राहिले. त्यानं गोंडांच्या देवांच्या कथा, पेरणीचे सण, लग्नाच्या रीती टिपून घेतल्या. पण नुसतं टिपून थांबला नाही. जमिनींचे पट्टे लोकांच्या नावावर व्हावेत म्हणून सरकारशी भांडला, मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र उभं राहिलं ते त्याच्याच खटपटीनं. पुढं जगभर हिंडून ही दोघं पुनःपुन्हा तिथं येत राहिली. १९८७ साली हैदराबादला बेट्टी गेली, तेव्हा तिला मार्लवाईतच माती दिली. १९९५ साली तोही गेला आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या अस्थी तिच्याशेजारी आल्या. आजही दरवर्षी जानेवारीत गावातली माणसं त्या जागी जमतात.

सगळ्या पर्यटकांनी मार्लवाईत मरायला यावं असं कोण म्हणेल? पण या गोष्टीत मला एक हिशेब लख्ख दिसतो. गोंडांनी त्याचा देश पाहिला नाही, कातडी पाहिली नाही, पासपोर्ट तर नाहीच नाही. तो परत आला, हे पाहिलं. नेलेल्या गोष्टीचं त्यानं काय केलं, हे पाहिलं.

हे सगळं मी परदेशी पाहुण्याला सांगतो आहे खरा, पण झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, गेलं की परदेशी मीच असतो. जिल्हा माझा, मतदारयादीतलं नाव माझं; आणि आजूबाजूला कोलामी सुरू झाली की एक शब्द कळत नाही. सारवलेल्या अंगणात चपला कुठं काढाव्यात, कुठल्या लाकडी खांबाला टेकू नये, देवाच्या जागेवरून पाय तर नाही ना पडला, या काळजीनं जीव गोळा होतो. अशा वेळी एखादा म्हातारा बाज ओढून हातानं झटकतो आणि "बसा" म्हणतो. त्याच्या एका शब्दानं जे बळ येतं ते मी अनुभवलं आहे. म्हणून दूरदेशच्या माणसाची धास्ती मला खोटी वाटत नाही.

आणि आमचं आतिथ्य नेहमीच निष्कलंक असतं, असंही मी सांगणार नाही. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि विरोधाच्या धमक्या आल्यावर आयोजकांनी त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. निमंत्रण देऊन पाहुण्याला परत फिरवणं हे या मातीला शोभलं नाही. त्याची सल अनेकांच्या मनात अजून आहे. त्याच मांडवात उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी, नवरा गमावलेल्या एका शेतकरी बाईनं. भल्याभल्यांची वाचा बसली होती, ती बाई खणखणीत बोलली. दार बंद करणारे मूठभर असतात, त्यांना आवाज फार असतो. दार उघडणारी माणसं पुष्कळ असतात, ती घरात चहा टाकत असतात. पाहुण्यानं पहिल्यांच्या आवाजावरून दुसऱ्यांची परीक्षा करू नये.

तेव्हा या, पाव्हणे. धाकधूक घेऊनच या, ती असली की माणूस जपून पाऊल टाकतो. फोटो आधी विचारून काढा आणि काढलेला दाखवा. पाणी चालत नसेल तर स्पष्ट सांगा, आम्हाला लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. आम्ही तुमच्या आईबापाचं विचारलं तर आम्हालाही आमच्या आईबापाचं विचारा. दुःखाचं विचारायचं असेल तर आधी पिकाचं विचारा, सणाचं विचारा, पोरीच्या शाळेचं विचारा. ओघात ते येईल, आपणहून येईल. आणि आपल्या गावी परतल्यावर कुणी विचारलं, कसे होते तिथले लोक, तर आमच्या गरिबीबरोबर आमचा राग सांगा, आमची चेष्टामस्करी सांगा, ज्वारीची भाकर आणि ठेचा सांगा, तुमच्याकडे कापूस पिकत नाही म्हणून तुमची काळजी करणारी ती बाईही सांगा. तुमचं स्वागत कसं होईल, ही तुमची चिंता आमच्यावर सोडा, ती आम्ही घेतली. आमच्याबद्दल तिकडे काय सांगितलं जाईल, ही आमची चिंता तेवढी तुम्ही घ्या.