चार तळहात

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटारीची पूजा होते. बॉनेटवर झेंडूची माळ चढते, काचेखाली हळदकुंकवाचे स्वस्तिक उमटते, पुढ्यात नारळ फुटतो. टायरच्या वाट्याला मात्र एक लिंबू येते, आणि तेही त्याने चिरडून टाकावे म्हणून! या वाटणीत मला नेहमीच थोडा अन्याय दिसत आला आहे. गाडीचा रंग, तिचे दिवे, तिच्या गाद्या, तिच्या इंजिनाचे अश्वबळ, या साऱ्यांची वाखाणणी होते. आणि जिचा जमिनीशी प्रत्यक्ष संबंध येतो अशी जी एकच वस्तू गाडीला असते, ती बिचारी चिखलात उभी राहून दुसऱ्यांचे कौतुक ऐकत असते.

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या शाळेत मुलांना शिकवून फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला टायरांचा एवढा कळवळा कशासाठी? माझ्या दारात उभी असते ती एक जुनी स्कूटर. मोटार मला चालवता येत नाही, आणि पदार्थविज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. परंतु गेल्या श्रावणात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला या प्रकरणात ओढले.

हा मुलगा वर्गात घर्षणाचा धडा चालू असता वहीच्या मागच्या पानावर मोटारी रंगवीत बसत असे. आता तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या पगारावर आहे. वहीतली मोटार त्याने अखेर खरी केली: पोर्शे केमन, दोन माणसांची, जमिनीला चिकटून धावणारी, इंजिन पाठीमागच्या बाजूला असलेली. घेतली जुनीच, पण गाडी जुनी असली तरी हौस नवी होती. एका रविवारी तो ती घेऊन आला आणि म्हणाला, ''सर, टायर बदलायचे म्हणतोय. कोणते घेऊ?''

माणूस सल्ला विचारतो तेव्हा बहुधा त्याचा निर्णय झालेला असतो. त्याला हवा असतो तो साक्षीदार. याच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, शर्यतीच्या मैदानावर वापरतात तसले मऊ, जवळजवळ गुळगुळीत टायर घालायचे. त्याचे मन तिकडेच होते. दुसरी, रोजच्या रस्त्यावर चालणारे, पण वेगवान गाडीसाठीच घडवलेले टायर घ्यायचे. तिसरी, दुकानदाराने सुचवलेली: आहेत तेच आणखी दोन वर्षे चालवायचे, आणि मग साधे, कडक, पुष्कळ टिकणारे टायर बसवायचे. आधीच्या मालकाने गाडी फारशी चालवली नव्हती, त्यामुळे टायरांच्या खाचा अजून खोल होत्या.

त्याची आईही बरोबर आली होती. नवरा गेल्यावर खाणावळ चालवून या माउलीने पोराला शिकवले. ती ओसरीवर बसून आमचे बोलणे ऐकत होती. मुलगा आत पाणी प्यायला गेला तसे ती हलकेच म्हणाली, ''गुरुजी, ही पळते किती ते मला सगळे सांगतात. थांबते कशी, ते कुणीच सांगत नाही. तेवढं विचारा त्याला.''

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पुढचे आठ-दहा दिवस मी टायर या विषयावर हाताला लागेल ते वाचीत होतो.

पहिली मौज कळली ती अशी, की टायर आपली पत्रिका अंगावरच छापून आणतो. केमनच्या पुढच्या चाकावर लिहिले होते: २३५/४५ झेडआर १८, ९४ वाय. २३५ मिलिमीटर ही रुंदी. ४५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या शेकडा ४५, सुमारे १०६ मिलिमीटर. 'आर' म्हणजे आतले धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले. १८ हा चाकाचा इंचांतला व्यास. ९४ या आकड्याचा अर्थ, एक टायर ६७० किलो भार पेलेल. आणि 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची ग्वाही. मागचे टायर २६५ रुंदीचे, म्हणजे पुढचा मागे आणि मागचा पुढे घालण्याची सोय नाही. शिवाय एका कोपऱ्यात 'एन' हे अक्षर आणि आकडा: पोर्शेने आपल्या गाडीवर हा टायर पारखून घेतल्याची ही खूण.

आणि जन्मतारीख! ती एका लहानशा चौकटीत असते. चारच आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर होते १८१७. म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. खाचा खोल होत्या खऱ्या. पण रबर नुसते झिजत नाही, ते म्हातारेही होते. ऊन आणि हवा लागून ते कडक होत जाते, त्याला केसासारख्या भेगा पडतात, आणि रस्त्याला बिलगण्याचा त्याचा गुण हळूहळू आटतो. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसत असला तरी वापरू नये, असे मिशेलिनसारखी कंपनीच सांगते. केस काळे आहेत एवढ्यावरून वय ठरवू नये, हे आपल्याला माणसांच्या बाबतीत ठाऊक असते. टायरच्या बाबतीत आपण फसतो.

दुसरी गोष्ट कळली तिने मला खरोखर दचकवले. एवढी मोठी मोटार, पण तिचा एक टायर एका वेळी जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. पहिलवानाचा तळहात म्हणा हवे तर! अशा चार तळहातांवर गाडी चालते, वळते आणि थांबते. ब्रेक कितीही उत्तम असोत, ते चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी त्याला शाळेतच नेले आणि फळ्यावर गणित मांडले. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. एका टायरचा घर्षणाचा गुणांक धरू १, दुसऱ्याचा ०.८. फरक शेकडा वीसच. आता ब्रेक दाबा. पहिली गाडी ३९ मीटरांवर थांबते, दुसरी ४९ मीटरांवर. ''दहाच मीटर,'' तो म्हणाला. मी विचारले, ''बरोबर. पण पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल?'' त्याने अंदाज केला, पंधरा-वीस. मी आकडे मांडत गेलो. उत्तर आले ताशी ४५ किलोमीटर.

तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते, हे मी त्याला कित्येक वर्षांपूर्वी शिकवले होते; पण ज्याच्या नावावर गाडी असते त्याला ते निराळे ऐकू येते. आमच्या सातारच्या बाजूला त्या दहा मीटरांत काय उभे नसते? मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते, चुकलेले वासरू असते, रस्ता ओलांडणारी म्हातारी असते.

एवढे झाल्यावर निवड सोपी झाली असेल असे वाटते. पण तसे नाही. टायर निवडणे म्हणजे सगळ्यांत चांगला टायर शोधणे नव्हे. कोणता गुण सोडायला आपण तयार आहोत ते ठरवणे. रबर मऊ केले की पकड वाढते आणि आयुष्य घटते. कडक केले की उलटे. पुष्कळ टायरांवर झिजेचा एक आकडा असतो. टिकाऊ टायरवर तो ५०० किंवा त्याहूनही वर असतो, वेगवान गाडीच्या टायरवर २००-३०० च्या घरात. खाचा खोल आणि पुष्कळ असल्या की पाणी निघून जाते, पण कोरड्या रस्त्यावर वळताना रबराचे ठोकळे थोडे डुलतात. खाचा कमी केल्या की कोरड्यावर गाडी जणू खिळून धावते. पण पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा शिरतो, सुकाणू अचानक हलके लागते, आणि गाडी जमिनीवरून उतरून पाण्यावर चढते. शर्यतीचे टायर तापल्याशिवाय धड पकडतही नाहीत. चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरच्या शर्यतीच्या मैदानावर ते शोभतील. आषाढातल्या खंबाटकीच्या घाटात नव्हे.

इथे नावाचाही एक घोटाळा आहे. वेगवान गाड्यांच्या टायरांना 'समर टायर' म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याला वाटे, उन्हाळी टायर म्हणजे पावसाच्या कामाचा नाही. खरे पाहता हे नाव युरोपातल्या हवेने दिलेले आहे. सात अंशांच्या खाली पारा गेला की हे रबर ताठरते, म्हणून तिथे हिवाळ्याचा जोड वेगळा असतो. आपला पावसाळा त्यांच्या हिशेबाने उन्हाळाच! उत्तम समर टायर ओल्या रस्त्यासाठीही तितकाच काळजीपूर्वक घडवलेला असतो. पूर्वी रबरात फक्त काजळी मिसळत. टायरचा काळा रंग तिचाच. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. ओल्यावरची पकड राखून टायर रस्त्यावर सहज घरंगळू लागला, आणि पुढे इतरांनीही ती वाट धरली.

हवा भरलेला टायर मुळात वेगासाठी जन्मलाच नव्हता, ही मला या वाचनात सापडलेली सर्वांत गोड गोष्ट. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी तो बनवला, तिचे हादरे कमी व्हावेत म्हणून. शर्यती, मैदाने, तीनशेचा वेग हे सारे मागाहून आले. आरंभी होता तो एक बाप आणि त्याचे पोर.

टायर निवडला तरी काम संपत नाही. त्यातली हवा हा अर्धा टायर. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पुरा झाला. मोटारींना तिथे १२० ची मुभा आहे. त्या सरळ, लांबलचक रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. हवा जास्त झाली म्हणून टायर फुटतो असा पुष्कळांचा समज असतो. पण हवा कमी असेल तर टायरची कड प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, वाकून वाकून तापते, आणि तासन्‌तास तापत राहिली की धागे दगा देतात. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा मोजायची. पंपावरचा माणूस नायट्रोजनचे माहात्म्य सांगू लागला तर ऐकून घ्यावे. साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो.

अखेर त्याने मधली वाट घेतली: पाण्यातही पकडणारे, 'एन' खूण असलेले समर टायर, चारही एकाच जातीचे, आणि चाकाचा व्यास तोच १८ इंच. वीस इंची चाके दिसायला झोकदार. पण त्यांना टायरची कड पातळ लागते, आणि आपल्या रस्त्यावरचा एकच खड्डा तिला फुगवटा आणायला पुरतो. चार टायरांची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. दुकानात त्याने प्रत्येकाची जन्मतारीख पाहून घेतली. एक टायर तीन वर्षांचा निघाला, तो बदलून मागितला. बसवून झाल्यावर आईला घेऊन तो साताऱ्याला आला. ''पाटावर बसल्यासारखं वाटतं,'' एवढाच अभिप्राय तिने दिला. मात्र वाटेत रिकामा रस्ता पाहून त्याने एकदा जोरात ब्रेक दाबून दाखवला होता, हे तिने मला आपणहून सांगितले. तिचा प्रश्न सुटला होता.

माझा सुटायचा आहे. आमची शाळा महामार्गालगत आहे. पाच वाजता घंटा झाली की दीडशे मुले पलीकडच्या वस्तीकडे जायला निघतात, आणि मी शिट्टी घेऊन कडेला उभा राहतो. लांबून गाड्या येताना दिसतात. हात वर केला की बहुतेक थांबतातही. पूर्वी मी चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असे. आता नजर आपोआप खाली जाते. त्या टायरांचे वय काय, खाचा किती उरल्या आहेत, हे मला इतक्या अंतरावरून दिसत नाही. ते कुणीतरी, कुठल्या तरी दुकानात, घासाघीस करताना ठरवलेले असते. मी फक्त हात वर करतो, आणि पुढच्या मुलाला चार पावले मागे ओढून घेतो.